दोन भाषांतली शिक्षा

बंगालीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण आणि मराठीत शिक्षा म्हणजे दंड. मूळ संस्कृत शब्द एकच. गंगेकाठी त्याने गुरूचे घर धरले आणि गोदेकाठी फौजदाराचे. बदलीवर कलकत्त्यास आलेल्या मराठी माणसाला पहिल्या आठवड्यातच या शब्दाची ठेच लागते. ‘शिक्षामंत्री’ हे पद प्रथम कानी पडले तेव्हा आम्हीही क्षणभर थबकलो होतो, आणि पुढे हाजरा रोडवरील महाराष्ट्र निवासात जमलेल्या मंडळींना ती गंमत सांगून थोडा हशाही मिळवला होता. परंतु बागबाजारातील दोन मुलांना संध्याकाळी घेऊन बसू लागल्यापासून त्या विनोदातले हसू ओसरले आहे. काही मुलांच्या वाट्याला एकाच वर्गात, एकाच बाकावर, दोन्ही भाषांतली शिक्षा येते. अशी मुले विशेषेकरून दोन प्रकारची: उपजत तीव्र बुद्धीची, आणि डोक्यास मार बसून ज्यांचा मेंदू दुखावला आहे अशी. दैवयोगाने आमच्या टेबलाशी या दोन्ही प्रकारांतले एकेक मूल बसते.

मराठी माणसाने बागबाजारात बिऱ्हाड करावे हा इतिहासाचा एक विनोदच होय. १७४२ साली नागपूरकर भोसल्यांच्या स्वारांच्या धास्तीने कंपनीने शहराभोवती खंदक खणावयास घेतला. तो सात मैलांचा व्हावयाचा होता. तीन मैल झाला, स्वार आले नाहीत, आणि काम थांबले. खंदक केव्हाच बुजला. पण बागबाजारात ‘मराठा डिच लेन’ या नावाची गल्ली अजून आहे. आमच्या घरमालकांनी पहिल्याच दिवशी हसत हसत सांगितले, की ज्यांच्यासाठी खंदक खणला ते अखेर आले, परंतु भाडे देऊन! आमचे कार्यालय पूर्वीच्या डलहौसी चौकात. चक्ररेलने नदीच्या कडेकडेने जावे आणि दिवेलागणीस परतावे हा क्रम. घरमालकांचे दोन नातू, चुलतभाऊ, वरच्या मजल्यावर राहतात. बंगालीत काकांना ‘काकू’ म्हणतात. तेव्हा अंगावर शर्टपँट आणि नाकाखाली मिशी असूनही आम्ही त्यांचे ‘काकू’ झालो. आम्ही पदवीधर आहोत आणि संध्याकाळी मोकळे असतो एवढ्या दोनच गुणांवर आमची शिक्षक म्हणून नेमणूक झाली. वेतन म्हणून रोज चहा, आणि शनिवारी नवीनचंद्र दासांच्या या पेठेला शोभेल असा रसगुल्ला.

थोरला चौदा वर्षांचा आहे. दोन वर्षांपूर्वीपर्यंत तो वर्गात पहिला येत असे. आपल्याकडे पतंग मकर संक्रांतीचे. येथे ते विश्वकर्मा पूजेचे, म्हणजे बहुधा १७ सप्टेंबरचे. त्या दिवशी उत्तर कलकत्त्याच्या जुन्या गच्च्यांवर पाय ठेवावयास जागा नसते आणि दर मिनिटास कोठून तरी ‘भोकाट्टा’ अशी आरोळी उठते. कटलेल्या पतंगाकडे पाहत मागे मागे सरकताना हा मुलगा कठड्यावरून खालच्या अंगणात पडला. पाच दिवस शुद्ध नव्हती. पुढे शुद्ध आली. काही आठवड्यांत तो चालू लागला, जेवू लागला, पाठ असलेल्या जुन्या कविता म्हणू लागला. सर्वांनी देवास नमस्कार केला आणि मूल बरे झाले असे ठरवून टाकले.

मेंदूच्या दुखापतीची क्रूरता नेमकी येथून सुरू होते. हात मोडला तर प्लास्टर दिसते. अंध मुलाची काठी दिसते. येथे बाहेर काहीच दिसत नाही. जुने शिकलेले पुष्कळसे शाबूत असते, म्हणून बोलता बोलता मूल पूर्वीइतकेच हुशार वाटते; नवे मात्र टिकत नाही. विचार चालतो, पण सावकाश. दोन सूचना एकदम दिल्या तर दुसरी गळून पडते. गोंगाटात लक्ष विरते. तासाभरात असा थकवा येतो की शिक्षकास तो आळस वाटावा, आणि थकव्यातून चीड येते ती उर्मटपणा वाटावी. कपाळामागचा मेंदूचा भाग बेत आखणे, आवर घालणे, सुरू केलेले तडीस नेणे ही कामे पाहतो, आणि तो विशीपर्यंत व पुढेही पक्व होत असतो. म्हणून लहान वयातली इजा कित्येकदा त्या वेळी दिसत नाही. इयत्ता वाढते, स्वतःचे स्वतः आखून करण्याची अपेक्षा वाढते, आणि मग ती उघडी पडते. इस्पितळ मुलास घरी सोडते तेव्हा उपचार संपला असे आपण समजतो; वस्तुतः त्याचा मोठा भाग शाळेत व्हावयाचा असतो, आणि शाळेस ते कोणी सांगितलेलेच नसते.

एका संध्याकाळी हा मुलगा पुस्तक मिटून आम्हांला म्हणाला, “आमि आगे पारताम.” म्हणजे, पूर्वी मला येत असे. चौदा वर्षांच्या मुलाच्या तोंडी ‘पूर्वी’ हा शब्द ऐकणे सोपे नाही.

परप्रांती नोकरी करणाऱ्या वाचकांस या वाक्याचा थोडासा अंश ओळखीचा वाटेल. आपल्या गावी आपण बोलके, हजरजबाबी, चारचौघांत ऐकले जाणारे असतो. बदली होते, आणि बाजारात मासळीवाल्याशी तीन शब्दांचे वाक्य जुळवताना घाम फुटतो. समोरचा मनुष्य आपल्याशी मोठ्याने बोलू लागतो, जणू आपले कानच गेले आहेत. आपली बुद्धी जागेवर असते. तिची वाट मात्र बंद असते. आम्ही मुलास मोडक्या बंगालीत हे सांगितले. त्याने थोडा वेळ घेतला आणि म्हणाला, “मग मराठी बोलून दाखवा.” आम्ही पाच मिनिटे मराठीत बोललो: गावची नदी, आईचा चुलीपुढचा आवाज, आमच्या साहेबांची लकब, जे सुचेल ते, भरधाव. त्याला एक अक्षर समजले नाही. पण तो आमच्या तोंडाकडे टक लावून पाहत होता. शेवटी म्हणाला, “तिकडे तुम्ही निराळे आहात.” त्या दिवसापासून तो आमच्यापुढे अडखळावयास लाजेनासा झाला.

ही तुलना फार ताणू नये हे आम्ही जाणतो. आमची मराठी महाराष्ट्रात सुखरूप आहे आणि रजेचा अर्ज मंजूर झाला की आम्ही तिच्याकडे जाऊ शकतो. त्याच्या त्या गावास परतीची गाडी नाही. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा झपाट्याने होते, पुढे ती मंदावते. वर्षानुवर्षे थोडी थोडी होत राहते, पण पूर्वीचे सर्व जसेच्या तसे परत येईल असे कोणी डॉक्टर सांगत नाही.

धाकटा दहा वर्षांचा. त्याची अडचण ऐकून लोक हसतात, कारण ती अडचण वाटतच नाही. गच्चीवरच्या फरशा मोजता मोजता त्याने आपण होऊन शोधून काढले की १ मध्ये ३ मिळवले की ४, त्यात ५ मिळवले की ९, त्यात ७ मिळवले की १६. विषम संख्या ओळीने मिळवीत गेले की दर वेळी चौरस तयार होतो. हे त्याला कोणी शिकवले नव्हते. शाळेत त्याच आठवड्यात त्याला तीन अंकी बेरजांची तीस उदाहरणे मिळाली. पाच सोडवून त्याने उरलेल्या पानावर आगगाडी काढली आणि शाळेने वहीत तांबड्या शाईचा शेरा मारला. येत असलेले पुन्हा पुन्हा ऐकत चाळीस मिनिटे मुकाट बसणे ही मराठी अर्थाची शिक्षाच होय. अशा मुलांपुढचा खरा धोका कंटाळ्याहून खोल आहे. कशासाठीच झटावे लागत नाही म्हणून झटणे म्हणजे काय हे ती शिकतच नाहीत; आणि पुढे कधीतरी पहिली खरी अडचण आली की आपली बुद्धीच संपली असे समजून ती मागे फिरतात.

भवभूतीने हा प्रश्न फार पूर्वी पाहिला होता. हा आपल्या विदर्भातला कवी. ‘उत्तररामचरिता’च्या दुसऱ्या अंकात आत्रेयी नावाची विद्यार्थिनी वाल्मीकींचा आश्रम सोडून अगस्त्याश्रमाकडे निघालेली दिसते, कारण विचारता ती सांगते, की तेथे कुश व लव अशी दोन मुले आली आहेत, त्यांच्या बुद्धीबरोबर आम्हांला अध्ययन करता येत नाही. बुद्धिमान मुलांना आणि इतरांना एकत्र कसे शिकवावे याविषयीची ही आपल्याकडली जुनी तक्रार होय, आणि ती मागे पडलेल्या विद्यार्थिनीच्या तोंडून आली आहे हे विशेष. तिच्याच तोंडी कवीने तो प्रसिद्ध विचार घातला आहे: गुरू प्राज्ञास आणि जडास सारखीच विद्या देतो, कोणाची ग्रहणशक्ती वाढवीत नाही की काढून घेत नाही, तरी फळात अंतर पडते, कारण बिंब धरण्यास निर्मळ मणी समर्थ असतो, मातीचे ढेकूळ नसते.

महाविद्यालयात आम्ही या श्लोकावर उत्तरे लिहिली आणि गुणही मिळवले. बागबाजारच्या टेबलाशी बसल्यापासून मात्र वाटते की कवीच्या हिशेबात एक रकाना कमी आहे. मणी आणि माती हे दोनच पदार्थ त्याने धरले. तडकलेल्या मण्याचे काय? त्यात बिंब पडते, पण तुटक. आणि आपण पूर्वी अखंड होतो याची त्याला जाणीव असते. दुसरे असे की ‘सारखीच विद्या देतो’ हे गुरूचे भूषण म्हणून सांगितले आहे. आम्हांस ते आता भूषण वाटत नाही. दोघांना सारखेच देणे ही कार्यालयातील समानता झाली; परिपत्रक सर्वांस एकच. शिकविण्यात तिचे रूपांतर पाहता पाहता अन्यायात होते.

याचा पुरावा आमच्या टेबलावर रोज मिळतो. धाकट्याला चुकू द्यावे लागते. आम्ही त्याला कोनिग्झबर्ग शहराच्या सात पुलांचे जुने कोडे घातले: प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सर्व पूल फिरता येतील काय? चार संध्याकाळ त्याने कागद भरले, चिडला, पेन्सिल मोडली. आम्ही उत्तर सांगितले नाही. पाचव्या दिवशी तो म्हणाला, हे होणारच नाही. आणि का होणार नाही हेही त्याने आपल्या शब्दांत अर्धेमुर्धे सांगितले. अठराव्या शतकात ऑयलर या गणितज्ञाने जे सिद्ध केले त्याच्या दारापर्यंत तो पोहोचला होता. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे चार दिवस हरून तो पाचव्या दिवशी पुन्हा बसला होता.

थोरल्यास मात्र, जेथे नवे काही ध्यानात ठेवावयाचे असते तेथे, शक्यतो चुकूच द्यावयाचे नाही. हे प्रथम उलटे वाटते. चुकतमाकत शिकावे असे आपण लहानपणापासून ऐकतो. परंतु चुकीतून शिकण्यासाठी आपण चुकलो होतो याची आठवण राहावी लागते. ज्याची ती आठवण दुखावली आहे त्याच्या मनात चूक तेवढी रुजते, दुरुस्ती वाहून जाते. १९९४ साली ॲलन बॅडली आणि बार्बरा विल्सन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी स्मृती गमावलेल्या रुग्णांवर प्रयोग करून हे दाखविले: अंदाज करावयास लावण्यापेक्षा आरंभापासून बरोबर तेच समोर ठेवले तर असे रुग्ण अधिक चांगले शिकतात. म्हणून आम्ही समीकरण प्रथम पूर्ण सोडवून दाखवतो. दुसऱ्या वेळी शेवटची ओळ मोकळी ठेवतो. तिसऱ्या वेळी शेवटच्या दोन. अशा रीतीने मागून पुढे येत येत एक दिवस पान कोरे होते. “आठव बरे!” असे म्हणावयाचे नाही. पंधरा मिनिटे काम, मग विसावा. दिवसाचे सर्व एकाच वहीत, तारखेसह, आणि ती वही नेहमी एकाच खुंटीच्या पिशवीत. धाकट्यासाठी एकच नियम: दादाचे वाक्य पुरे करावयाचे नाही, मनात दहा अंक मोजावयाचे. आरंभी तो सहाव्या अंकास फुटत असे.

या सावकाश वाटेने मनुष्य किती दूर जाऊ शकतो याचे एक उदाहरण रशियात घडले. १९४३ साली स्मोलेन्स्कजवळच्या लढाईत लेव्ह झासेत्स्की या तरुण सैनिकाच्या डोक्यात गोळी शिरली. त्याचे वाचन गेले, शब्द गेले, उजवे-डावे गेले. अलेक्झांडर लुरिया हे मानसशास्त्रज्ञ त्याला अनेक वर्षे भेटत राहिले. अक्षर न् अक्षर आठवून लिहिणे त्याला जमेना. पण हात न उचलता, अक्षरांचा विचार न करता शब्द सलग लिहावयास सांगितले तेव्हा तो उमटला. हाताने जे राखून ठेवले होते ते डोळ्यांना ठाऊक नव्हते. आपले लिहिलेले धड वाचता येत नसतानाही त्याने सुमारे २५ वर्षांत जवळजवळ ३,००० पाने लिहिली, आणि त्यांच्या आधारे लुरियांनी १९७१ साली त्याची कथा प्रसिद्ध केली. जे गेले त्यावर डोके आपटण्यापेक्षा जे उरले त्याचे दार शोधावे, एवढा धडा आम्ही त्यातून घेतला.

समाजाने या दोघांची सोय काय केली आहे? तीव्र बुद्धीच्या मुलांचा विचार आपल्याकडे उशिरा का होईना झाला. जगदीशचंद्र बसूंच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९५८ साली, कलकत्त्यात त्यांच्या नावाने विज्ञानाची आवड असणारे हुशार विद्यार्थी शोधण्याची योजना सुरू झाली. पुण्यात आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली ज्ञान प्रबोधिनी स्थापन केली आणि १९६९ साली बुद्धिमान मुलांसाठी तिची प्रशाला उघडली. बुद्धी हे समाजाचे देणे आहे, ते समाजास परत करावयाचे आहे, हा संस्कार तेथे अभ्यासाइतकाच मोलाचा मानला गेला. मात्र अशी दारे निवडक मुलांसाठीच उघडतात. डोक्यास मार बसलेल्या मुलास तेवढेही नाही. अमेरिकेच्या शिक्षणविषयक कायद्यात १९९० साली मेंदूच्या आघाताचा स्वतंत्र प्रकार नोंदला गेला. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या परिशिष्टात २१ प्रकार आहेत. त्यांत हा प्रकार स्वतंत्र नावाने नाही. मुलाला दुसऱ्या कोणत्या तरी रकान्यात बसवावे लागते, आणि रकान्यात न बसणाऱ्या प्रकरणाचे काय होते हे लिपिकाइतके कोण जाणणार? तरीही एक वाट न्यायालयाने मोकळी केली आहे. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार या उमेदवाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की लिहिण्यात खरी अडचण असलेल्यास, त्याचे अपंगत्व ठरावीक टक्क्यांत बसत नसले तरी, लेखनिक नाकारता येणार नाही. त्या मुलाच्या आजोबांना आम्ही हा निर्णय उलगडून सांगितला, तेव्हा आमच्या नोकरीचा या घरास प्रथमच काही उपयोग झाला असे आम्हांस वाटले.

कायद्याच्याही आधीची एक गोष्ट आहे, आणि ती शोधावयास दूर जावे लागत नाही. आमच्या घरापासून थोड्या अंतरावर, बोसपाडा गल्लीतल्या १६ क्रमांकाच्या घरात, १३ नोव्हेंबर १८९८ रोजी भगिनी निवेदितांनी मुलींची शाळा उघडली. पेस्टालोझी आणि फ्रोबेल यांचा मार्ग त्या इंग्लंडातच शिकून आल्या होत्या: मूल जेथे असेल तेथून आरंभ करावयाचा. पैशाच्या अडचणीमुळे शाळा मध्यंतरी बंद पडली, पुन्हा सुरू झाली आणि आजही त्यांच्या नावाने चालते. आम्हांस मोह पडला तो त्यांच्या एका साध्या सवयीचा. एकेका मुलीची गती, स्वभाव, आवड त्या लिहून ठेवीत. वर्गाचा शेरा एक आणि मुली अनेक, असे त्यांनी होऊ दिले नाही.

यंदा थोरल्याच्या शाळेने घरच्यांस बोलावले. त्याने हीच इयत्ता पुन्हा करावी, नाहीतर ‘निराळ्या प्रकारची’ शाळा पाहावी, असे त्यांचे म्हणणे. आजोबांचा हट्ट की मुलगा पूर्वी पहिला होता, तो वरच्याच वर्गात बसेल. दोघेही त्या मुलास मोजत होते. एक त्याच्या उणिवेने, दुसरे त्याच्या जुन्या बक्षिसांनी. आज तो कोणत्या रीतीने शिकतो हे कोणी विचारले नव्हते. आम्ही आमची तारीखवार वही पुढे ठेवली. बराच वेळ पाने उलटली गेली. अखेर ठरले ते असे: सहा महिने तो वरच्या वर्गात बसेल, पुढच्या बाकावर, विषय दोन कमी, मधल्या सुटीनंतर अर्धा तास विसावा, चाचणीस जादा वेळ. हे साधेल की नाही हे पूजेच्या सुटीनंतर कळेल. आजोबा त्या दिवशी घरी येताना काहीच बोलले नाहीत. पण जिन्यावरून त्याची जुनी ढाल त्यांनी दुसऱ्या दिवशी काढून कपाटात ठेवली.

आमची येथील तीन वर्षे मार्चअखेर पुरी होतात. बदलीचा हुकूम आला की कार्यालयात कार्यभार सोपविण्याचे टिपण लिहावे लागते. तसेच एक टिपण आम्ही घरी लिहावयास घेतले आहे, आमच्यामागून या टेबलाशी जो कोणी बसेल त्याच्यासाठी. धाकट्याविषयी लिहिले आहे: येत असलेले पुन्हा देऊ नये, आठवड्यास एक तरी न सुटणारे गणित द्यावे, दहा अंक मोजतो की नाही पाहावे. थोरल्याविषयी अधिक आहे. सूचना एका वेळी एक द्यावी. उत्तर यावयास वेळ लागतो, तोवर बोलू नये. सुटीच्या दिवशी गणित सकाळी घ्यावे, बुद्धी ताजी असते. वही खुंटीवरच्या पिशवीत आहे. त्याच्यापुढे ‘पूर्वी’ हा शब्द आपण होऊन काढू नये. त्याने काढला तर मात्र काम बाजूस ठेवून ऐकून घ्यावे.